मशीनला हात लावला की मुंग्या

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारची वेळ. पडवीत सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञेनं लाकूड कोरणारं) चालू होतं, फणसाच्या फळीवर देवघराची जाळी कोरली जात होती. मी अनवाणी होते. भुसा झटकायला वाकले आणि आधारासाठी डावा हात गँट्रीवर (बेडवरून सरकणाऱ्या आडव्या पुलावर) टेकवला, तर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक मुंग्या आल्या. शॉक म्हणावा इतकं नव्हतं, पण हात आपोआप मागे आला. चपला घालून पुन्हा हात लावला तर काही नाही. चपला काढल्या की परत मुंग्या.

त्याच दुपारी, दोन तास दहा मिनिटांनी, स्क्रीनवर अलार्म १ आला आणि मशीन जागच्या जागी थांबलं. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट, म्हणजे हालचालीच्या टोकाला बसवलेला कुठलातरी लिमिट स्विच दाबला गेला. टूल (कोरणारं पातं) तर फळीच्या मधोमध होतं, एकाही स्विचच्या जवळपास नव्हतं. टूल कुठं होतं ते मशीन विसरलं, म्हणजे पोझिशन गेली, फळी गेली. ती फणसाची फळी आमच्याच परसातल्या झाडाची होती, चार वर्षं वाळवलेली. त्या फळीसाठी मला अजून वाईट वाटतं.

मुंग्या आणि अलार्म ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत, असं मी तेव्हा धरून चालले. ती दोन वेगळी दुखणी निघाली. हे कळायला मला अडीच महिने लागले. दुसऱ्या कुणाला इतके लागू नयेत आणि त्याआधी कुणाला मोठा शॉक बसू नये, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

मशीन साधं आहे. सहाशे बाय नऊशे मिलिमीटरचा बेड, अॅल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम, तीन स्टेपर मोटर, अर्डुइनो युनो (हे सगळं चालवणारा छोटा बोर्ड), २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), दीड किलोवॅटचा पाण्यावर थंड होणारा स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) आणि त्याचा व्हीएफडी (तिचा वेग ठरवणारा डबा). जुना लॅपटॉप यूएसबीने जोडलेला. घर सासऱ्यांच्या वेळचं, कुडाळ तालुक्यातलं, जांभ्या चिऱ्यांचं.

आधी मुंग्यांची गोष्ट. मल्टिमीटर घेऊन सॉकेटवर बसले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये १४० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ८० च्या वर, आणि दोन्ही आकडे तरंगत होते. मशीनची फ्रेम आणि न्यूट्रल यांच्यात १०४. या आकड्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी वायरमन काकांना फोन केला. काका आमच्या वाडीत चाळीस वर्षं वायरिंग करतात. त्यांनी सॉकेट खोललं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "गो, पिन आसा, भोक आसा, पण मागे तार खंय आसा?"

हिरवी तार स्विचबोर्डातच गुंडाळून ठेवलेली होती, कशालाच न जोडलेली. म्हणजे अर्थची पिन नुसती हवेत होती. मल्टिमीटरच्या आतला रोध इतका जास्त असतो की हवेतल्या तारेवरसुद्धा तो काहीतरी आकडा दाखवतो. ते ८० आणि १४० असेच भुताटकीचे आकडे होते. फ्रेमवरचे १०४ मात्र खरे. एसएमपीएस आणि व्हीएफडीच्या फिल्टरमध्ये फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक असे छोटे कॅपॅसिटर असतात. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर त्यातून येणारा थोडासा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मधे लोंबकळते, साधारण निम्म्या व्होल्टेजला, आणि तो करंट अनवाणी पायांच्या माणसातून जमिनीत उतरतो. एका एसएमपीएसचा करंट मिलिअँपियरपेक्षाही कमी असतो, त्यामुळे नुसत्या मुंग्या येतात. पण हीच बॉडी, आत एखादी फेजची तार सोलून तिला टेकली, तर थेट २३० वर जाते. तेव्हा मुंग्यांवर भागत नाही.

काकांनी मग घरातली सगळी सॉकेटं खोलली. मिक्सरच्या सॉकेटमध्ये जे सापडलं ते मला पडवीतल्यापेक्षा भयंकर वाटतं. तिथं कुणीतरी न्यूट्रलवरून एक वीतभर तुकडा काढून अर्थच्या टर्मिनलला जोडला होता. मीटर लावला तर फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ चक्क शून्य. मी एकटी असते तर म्हटलं असतं, वा, इथलं अर्थिंग उत्तम आहे. पण मागे खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटली, तर त्या सॉकेटला लावलेल्या प्रत्येक वस्तूची बॉडी फेजला येते, घरातली कुठलीही वस्तू चालू असेपर्यंत. खऱ्या अर्थिंगवर घरातला लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडा तरी फरक दिसतो, एखाद-दोन व्होल्ट. गिझर चालू असतानाही अगदी शून्य दिसत असेल तर वायरमनला सॉकेट खोलून दाखवायला सांगा. जुन्या घरांत हा तुकडा फार ठिकाणी सापडतो, असं काका म्हणाले.

अर्थचा जुना पाइप घराच्या मागे होता. वरचा नटबोल्ट गंजून पीठ झालेला, तार केव्हाच सुटलेली. नवा खड्डा कुठं घ्यायचा यावर काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "न्हाणयेचा पाणी जाता थंयच मारूया." आमच्याकडे न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं, तिथली माती बारा महिने ओली. जांभा कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. म्हणून खोलीइतकंच ओलीला महत्त्व. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल आणि सिमेंटची चौकट. दोन माणसांना खणायला दीड दिवस लागला, कारण चार फुटांवर कातळ लागला.

काकांची चाचणी शंभर वॉटच्या बल्बची. फेज आणि नव्या अर्थमध्ये बल्ब लावायचा. उजळ पेटला तर निदान तार कुठंतरी पोचली आहे हे कळतं. हे काम त्यांनीच केलं आणि तुम्हीही ते वायरमनकडूनच करून घ्या. पण बल्बवरून ओहम कळत नाहीत. म्हणून ओळखीच्या एका कंत्राटदाराकडून अर्थ टेस्टर मागून आणला, दोन खिळे अंगणात ठोकून मापलं. २८ ओहम.

या २८ चा हिशेब मी वहीत मांडला आणि मला घाम फुटला. मशीनच्या बॉडीला फेज चिकटली तर २३० भागिले २८, म्हणजे साधारण आठ अँपियर करंट जमिनीत जाईल. पडवीची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) १६ अँपियरची. ती पडणारच नाही! बॉडी फेजवर तशीच राहील, आठ अँपियर माडाच्या मुळाशी वाहत राहतील आणि मशीन वरवर व्यवस्थित दिसेल. म्हणजे इतका खड्डा खणून, इतका कोळसा-मीठ घालून, एकट्या अर्थिंगनं माणूस वाचेलच असं नाही. सोबत आरसीसीबी हवीच. तीस मिलिअँपियरची आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहते, आणि फरक तीसच्या आत असतानाच तुटते. २८ ओहमवर तीस मिलिअँपियर म्हणजे बॉडीवर एक व्होल्टसुद्धा नाही. ज्या गावात जमीन कोरडी आहे तिथं तर आरसीसीबीवाचून मशीन चालवूच नये, असं माझं ठाम मत आहे. मशीनसाठी वेगळी आरसीसीबी घ्या, कारण व्हीएफडीच्या फिल्टरचा करंट आणि घरातल्या फ्रीज-संगणकांचा करंट एकत्र झाला की ती उगाच पडते, आणि उगाच पडणारी आरसीसीबी लोक काढून टाकतात. कुठल्या टाइपची घ्यायची ते व्हीएफडीच्या पुस्तिकेत पाहा. साधी एसी टाइप प्रत्येक व्हीएफडीला चालत नाही.

मुंग्या गेल्या. फ्रेम आणि न्यूट्रलमधले १०४ गेले, दीड व्होल्ट उरले. मी आनंदानं नवी फळी लावली. अकरा मिनिटांत अलार्म १.

आधी दोन तासांनी यायचा तो आता अकरा मिनिटांत. मी हबकले. नेमक्या त्याच आठवड्यात, दुसऱ्या गावात असंच मशीन चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सल्ला दिला की मशीनच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, माझा अलार्म तसाच गेला. त्याचा हेतू वाईट नव्हता. आणि पिन काढल्यावर अलार्म कमी होऊ शकतो हेही खरं आहे, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण आपल्या थ्री-पिन प्लगची अर्थ पिन लांब केलेली असते ती अशासाठी, की प्लग घालताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. ज्यानं कुणी ते ठरवलं त्यानं माणसाचा जीव डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं. त्या पिनेला पक्कड लावायची आणि बदल्यात एक जाळी पूर्ण करून घ्यायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. पडवीत माझी पुतणी येऊन उभी राहते, सासूबाई सुपारी सोलत बसतात.

मग शांतपणे एकेक गोष्ट बंद करून पाहायचं ठरवलं. वही काढली. स्पिंडल बंद, व्हीएफडीचा प्लगच काढलेला, टूल हवेत, तोच प्रोग्रॅम: दोन तास, अलार्म नाही. व्हीएफडी चालू पण स्पिंडल थांबलेला: एक तास, नाही. स्पिंडल मिनिटाला बारा हजार फेऱ्यांवर: चार मिनिटांत अलार्म. अठरा हजारावर: दोन मिनिटांत. लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर: वीस मिनिटं टिकलं. एक्सचा (एक्स, वाय, झेड या हालचालीच्या तीन दिशा) लिमिट कनेक्टर बोर्डावरून काढून ठेवला: तासभर काहीच नाही. वाय आणि झेड काढून एक्स ठेवला: अलार्म. इतकं लिहून झाल्यावर चोर कुठल्या खोलीत आहे ते तरी कळलं.

एक्सच्या लिमिट स्विचची तार स्पिंडलच्या केबलबरोबर एकाच ड्रॅग चेनमधून (मशीनबरोबर हलणाऱ्या तारा सांभाळणाऱ्या साखळीतून), दीड मीटर अंगाला अंग लावून जात होती. व्हीएफडी मोटरला गुळगुळीत वीज देत नाही. आतल्या सवा तीनशे व्होल्ट डीसीचे तो सेकंदाला हजारो तुकडे करून पाठवतो. प्रत्येक तुकड्याची कड उभी असते आणि ती कड शेजारच्या तारेत झिरपते. अर्डुइनोच्या आतला पुल-अप (सिग्नलची तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रोध) वीस ते पन्नास किलोओहमचा, म्हणजे फार नाजूक. माझे स्विच नॉर्मली ओपन (दाबेपर्यंत उघडे) जोडलेले होते, त्यामुळे ती दीड मीटरची तार त्या नाजूक पुल-अपवर लोंबकळणारी अँटेना झाली होती.

उभ्या कडांचा हा गोंगाट जातो कुठं? जिथून निघाला तिथं, म्हणजे व्हीएफडीकडेच, त्याला परत जायचं असतं. जमिनीत जाऊन विरायचं त्याच्या मनात नसतं. परतीची जवळची वाट दिली तर तो तिनं जातो. नाही दिली तर फ्रेममधून, लिमिटच्या तारेतून, यूएसबीच्या आवरणातून, लॅपटॉपच्या चार्जरमधून, मिळेल तिथून. माडाखालचा खड्डा त्याच्या दृष्टीनं फार लांब. तिथपर्यंतची तार पन्नास हर्ट्झच्या विजेला सरळ रस्ता आहे, पण तारेच्या दर मीटर लांबीला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो आणि या उभ्या कडांना तो भिंतीसारखा आडवा येतो. अर्थ जोडल्यावर अलार्म का वाढला ते मला इथं उमजलं: चार्जर आणि मशीन दोघंही आता एकाच अर्थला बांधले गेले होते, आणि यूएसबीतून जाणारी वाट पूर्ण झाली होती. अर्थिंग बरोबरच होतं. परतीची जवळची वाट मी दिलेली नव्हती.

ती का नव्हती हे शोधताना जे सापडलं त्यानं मला खरा धक्का बसला. व्हीएफडी बंद केला, दहा मिनिटं थांबले, डीसी टर्मिनलवर मीटर लावून चार्ज उतरल्याची खात्री केली (ही दहा मिनिटं कधीही वाचवू नका) आणि कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) मीटर ठेवून सगळीकडे फिरवला. व्हीएफडीचं अर्थ टर्मिनल ते स्पिंडलची बॉडी: काही नाही. बेड ते गँट्री: काही नाही. गँट्री ते झेडची प्लेट (स्पिंडल वर-खाली करणारी): काही नाही. सगळं धातूचं, सगळं बोल्टनं घट्ट आवळलेलं, आणि विजेच्या दृष्टीनं तीन वेगळी बेटं. अॅल्युमिनियम प्रोफाइलवर अॅनोडायझिंग असतं आणि ते उत्तम इन्सुलेटर आहे. गँट्रीची चाकं प्लॅस्टिकची. माझ्या मुंग्या ज्या गँट्रीवरून आल्या होत्या ती त्या दिवशी अर्थला जोडली गेली असं मी समजत होते, प्रत्यक्षात जोडला गेला होता फक्त बेड. गँट्रीवरच्या मुंग्या गेल्या त्या मोटरच्या केबलच्या आवरणातून कशीबशी वाट मिळाल्यामुळे. महिनाभर मी त्या समजुतीवर निर्धास्त काम करत होते.

स्पिंडलच्या कनेक्टरला चार पिना होत्या. तीन मोटरच्या, चौथी अर्थची असं मी धरून चालले होते, आणि केबलमधली हिरवी तार तिथं इमानदारीनं जोडलीही होती. वरचं झाकण खोललं तर चौथी पिन आतून मोकळी. स्वस्त स्पिंडलमध्ये हे सर्रास असतं. ज्यांच्याकडे असा स्पिंडल आहे त्यांनी आजच, वीज बंद करून, चौथी पिन आणि बॉडी यांच्यात मीटर लावून पाहावा. पाण्याच्या नळ्या जोडलेल्या वस्तूची बॉडी अर्थला नसणं मला अजिबात मान्य नाही.

दुरुस्तीला चार रविवार गेले. चौथ्या पिनेपासून झाकणाच्या स्क्रूखाली लग लावून तार घेतली. प्रत्येक सांध्यावर नाण्याएवढ्या जागेतलं अॅनोडायझिंग पॉलिश पेपरनं खरवडून दातेरी वॉशर बसवला, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. आमच्या खाऱ्या दमट हवेत उघडा सांधा एका पावसाळ्यात काळा पडतो. बेड, गँट्री, झेड प्लेट, एसएमपीएस, व्हीएफडी, प्रत्येकाची स्वतंत्र हिरवी तार एका पितळी लिंकवर आणली, आणि तिथून एकच जाड तार सॉकेटच्या अर्थला. एकाची तार दुसऱ्याच्या स्क्रूवर टाकून पुढं नेणं बंद. स्पिंडलला चार कोरची शिल्डेड केबल (तारांभोवती धातूची जाळी असलेली) घेतली आणि तिचं शिल्ड व्हीएफडीपाशी क्लँपखाली गोल दाबून, स्पिंडलपाशीही बॉडीला जोडून, दोन्ही टोकांना बांधलं. गोंगाटाची परतीची वाट ती हीच. लिमिटच्या तारांचं शिल्ड मात्र एकाच टोकाला, बोर्डाच्या बाजूला. २४ व्होल्टच्या सप्लायचा निगेटिव्ह पितळी लिंकला एकाच जागी जोडला आणि यूएसबीमध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन तारांचा थेट संबंध तोडणारा) घातला.

लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबेपर्यंत जोडलेले) केले, जीआरबीएलमध्ये डॉलर ५ ची सेटिंग उलटी केली. आता स्विच स्वतःच तारेला शून्यावर घट्ट धरून ठेवतो, आणि तार तुटली तर मशीन लगेच थांबतं, पूर्वीसारखं आंधळेपणानं बेडच्या टोकाला जाऊन आपटत नाही. बोर्डापाशी प्रत्येक लिमिटला ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि १०४ नंबरचा कॅपॅसिटर. स्पिंडलची केबल ड्रॅग चेनमधून काढून वेगळ्या बाजूनं नेली. हा शेवटचा बदल फुकटचा होता. पहिल्या दिवशी केला असता तर बहुतेक ती फळी वाचली असती, पण मग चौथ्या पिनेचं मला कधीच कळलं नसतं.

धूळ ओढणाऱ्या नळीतल्या स्थितिक विजेबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. आमच्याकडे हवा इतकी दमट की मला तो त्रास झाला नाही. देशावर थंडीत एमडीएफ कापणाऱ्यांनी नळीतून उघडी तांब्याची तार घेऊन तीही लिंकला जोडावी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जाळी पुन्हा लावली. बाहेर धो धो पाऊस. सव्वापाच तास मशीन चाललं, मी शेजारी स्टुलावर बसून होते, एकदाही उठले नाही. अलार्म आला नाही. त्यानंतर अंगणात खिळे ठोकून पुन्हा अर्थ मापलं तर ९ ओहम. मेमधले २८ आणि जुलैमधले ९, खड्डा तोच. म्हणून उन्हाळ्यात फनेलमधून पाणी घालायचं काकांनी बजावून ठेवलंय, "रोज घालूक होया, इसरा नको."

ते मला क्वचितच आठवावं लागतं. या मेमध्ये मी सकाळी मशीन सुरू करायला पडवीत आले की आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "तुळशीक घातलंय, तुझ्या खड्ड्याक पण घातलंय."